मिरचीच्या वखारीतला बोलपट

आमच्या नंदुरबारात स्टेशनाकडून बाजारात येताना डाव्या हाताला मिरचीची एक लांबलचक पत्र्याची वखार लागते. नीट पाहिलं तर तिच्या भिंतीत तिकिटाच्या खिडकीची चौकट अजून दिसते. आत आता पोती आहेत. पण काही वर्षं तिथे थिएटर होतं, आणि ते का बुडालं हे गावात कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं. कोणी म्हणतं, शेठला साडेसाती लागली होती. कोणी म्हणतं, जागाच वाईट. बहुतेक जण मात्र शपथेवर सांगतात की बोलपटाचा आवाज माणसाच्या नाकात जातो आणि आमच्या गावाला तो सोसला नाही. हे सगळं मी चहाच्या दुकानात बसून ऐकत आलो आहे. कधी ‘असेल बुवा’ म्हटलं, कधी नुसती मान हलवली. थिएटर मी बुडवलं, हे मात्र कधी म्हटलं नाही.

मी तसा कमी बोलणारा माणूस. हे वाचून आमच्याकडचे लोक हसतील, कारण सात वर्षं त्यांनी मला बोलतानाच पाहिलं. पण ते बोलणं दुसऱ्यांच्या तोंडचं होतं. स्वतःचं म्हणून काही बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. घरी सुद्धा. बायको म्हणते, गावाला फुकट ऐकवलं आणि मला मीठ कमी पडल्याचं सुद्धा कधी धड सांगितलं नाही. आता पन्नाशी जवळ आली. नावं कोणाचीच घालणार नाही, कारण एका माणसानं मला हात जोडून गप्प राहायला सांगितलं आहे. ते का, ते ओघात येईलच.

तर शेठ. मिरचीचे मोठे व्यापारी. दिवाळीनंतर मिरची यायला लागे, होळीपर्यंत वखार आढ्याला टेकेल इतकी भरलेली, आणि होळीनंतर रिकामी. रिकामी वखार शेठला बघवत नसे. रिकामं पोट बघितल्यासारखा चेहरा करत. एकदा माल घेऊन सुरतेला गेले, तिथे त्यांनी पडद्यावर घोडे पळताना पाहिले आणि परत आले ते यंत्र घेऊनच. तेव्हापासून दिवाळी ते होळी मिरची आणि पाडवा ते दिवाळी चित्र, असा वखारीचा क्रम ठरला.

मी शेठकडे मिरचीच्या लिलावात भाव पुकारत असे. आवाज असा की मिरची वाळत घातलेल्या मैदानावरून पुकारलं की स्टेशनातले हमाल मान वळवत. चित्रं तेव्हा मुकी. मधून मधून पडद्यावर अक्षरांची पाटी येई, ती कधी गुजराती, कधी हिंदी, कधी इंग्रजी. बघणारे सगळे अहिराणी बोलणारे, आणि त्यातल्या बहुतेकांना अक्षराची ओळखच नाही. म्हणून पडद्याशेजारी छडी घेऊन एक माणूस उभा करायचा आणि त्यानं लोकांना त्यांच्या बोलीत गोष्ट सांगायची, ही तेव्हाची रीतच होती. शेठ म्हणाले, आवाज आहेच, तूच उभा राहा.

गुजराती वाचता येतं का, हे शेठनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेला. पाटी यायची आणि जायची; मी पहिलं अक्षर जुळवेपर्यंत नायक घोड्यावर बसून डोंगर ओलांडून गेलेला असायचा. पहिल्या दोन खेळांत मला घाम फुटला. तिसऱ्या खेळापासून मी पाटीकडे पाठ केली आणि जे दिसेल त्यावरून जे सुचेल ते सांगायला लागलो. घाम बंद झाला.

त्या सात वर्षांत मी नंदुरबारला किती खोटं दाखवलं याला हिशेब नाही. चित्राच्या रिळांचे डबे रेल्वेनं येत, आणि कधी उलटसुलट लागत. एका चित्रात नायक-नायिकेचं लग्न आधी झालं आणि मग दोघं विहिरीवर एकमेकांना चोरून पाहू लागली. मी मग सांगून टाकलं की लग्नात अंतरपाटामुळे एकमेकांची तोंडं नीट दिसली नव्हती, ती आता पाहत आहेत. कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे लग्न आधी आणि ओळख मागाहून, हाच क्रम.

खलनायक कुठल्या गावचा, हे मी समोर कोण बसलं आहे ते पाहून ठरवत असे. नंदुरबारची माणसं जास्त असली की खलनायक शहाद्याचा. शहाद्याचे व्यापारी आलेले असले की त्याला तापीपार न पाठवता नवापूरच्या जंगलात नेऊन ठेवत असे. एकदा अंधारात अंदाज चुकला आणि मी त्याला रनाळ्याचा केला. रनाळ्याची अख्खी वरात डावीकडे बसली होती. नवरदेव मुंडावळ्यांसकट उठला. मी जागच्या जागी खलनायकाला रनाळ्याचा जावई केला, म्हणजे मूळचा भलतीकडचा. जावयाबद्दल काही बोललेलं रनाळ्याला चालतं, असं दिसलं, कारण वरात खाली बसली आणि नवरदेवाचा सासरा सर्वांत मोठ्यानं हसला.

आणि माझ्या चित्रात बायका मरत नसत. शेठच्या आईला ते खपायचं नाही. ती पहिल्या रांगेत पाट टाकून बसे. नायिका डोळे मिटून पडली की अंधारातून तिचा बारीक आवाज यायचा, “मरनी का रे भो ती?” मी म्हणायचो, “मरनी नही माय, जपनी ती. दमेल शे,” म्हणजे दमून झोपली आहे. मग पडद्यावर तिला चितेवर ठेवलेली दिसली तरी मी ती थंडीवाऱ्याची शेक घेते असं सांगत असे. म्हातारी समाधानानं मान हलवायची. सातपुड्यातली मंडळी बाजाराच्या दिवशी येत, त्यांना माझी अहिराणी फारशी कळत नसावी. ती माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत आणि चिता पेटली की सरळ रडत. खरं चित्र वखारीत तेवढ्याच लोकांनी पाहिलं.

रडण्याचं म्हणाल तर आमच्याकडे सगळेच रडत. जमिनीत मिरची मुरलेली. कोणी पाय आपटला, कोणी पोर ओढत नेलं, की खकाणा उठे आणि डोळ्यांना पाणी. विनोदी चित्राला सुद्धा लोक पदरानं डोळे पुसत बाहेर पडत. चित्रं पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा पाहणीला आला होता. कुस्तीचं चित्र चालू असताना चारशे माणसं डोळे पुसताना पाहून तो शेठला म्हणाला की इतकी हळवी माणसं त्यानं सुरतेत पाहिली नाहीत.

डोळ्यांत पाणी येणं इथपर्यंत ठीक होतं. त्यापुढे जाऊ नये म्हणून दरसाल एक काम करावं लागे आणि ते माझ्याकडे होतं. शेवटचं पोतं हललं की दारं उघडी टाकायची, झाडायचं, पाणी मारायचं, आणि मग काळ्या मातीचा एक हात आणि शेणाचे दोन हात देऊन जमीन सारवायची. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकाच हे सारवण करत. तीन हात बसले की मिरची दबून राही, थोडी नाकाला झोंबे तेवढीच. दोन हातांवर भागवलं तर लोक खोकत. एक हात कोणी कधी देऊन पाहिला नव्हता.

मग बोलपट निघाले. धुळ्याला आला, सुरतेला आला, अशा बातम्या येऊ लागल्या. शेठ सुरतेहून बोलकं यंत्र ठरवून आले आणि त्याच्याबरोबर एक तरुण ऑपरेटर. उंच, सडपातळ, सुरतेकडचा. मराठी बोलताना मधे गुजराती मिसळायचा आणि बोलता बोलता हात पुसायचा, हात स्वच्छ असले तरी. लग्न ठरलं होतं. थिएटर चाललं तर नंदुरबारातच बिऱ्हाड करणार होता. मला तो पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणे. मला आयुष्यात कोणी मास्तर म्हटलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलपट लावायचा ठरला. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाव भरून जातं. त्याहून चांगला मुहूर्त नाही. शेठनं मला बोलावलं. मला वाटलं, सारवणाचं विचारतील. ते म्हणाले, आता यंत्रच बोलेल, तुला घसा फोडायला नको, तू दाराशी बसून तिकिटं फाड. पगार तोच. मायेनं म्हणाले. पान सुद्धा पुढे केलं. मी पान घेतलं आणि चावत राहिलो.

तिकिटं फाडायला जीभ लागत नाही. दुसऱ्या दिवशी हे गावभर झालं. ज्या दुकानात मी गेलो की लोक सरकून जागा करत, तिथे एकानं विचारलं, “आते मुकं कोण रे भो, चित्र का तू?” सगळे हसले. मीही हसलो. घरी गेलो, जेवलो, बायकोनं विचारलं शेठ काय म्हणाले, मी म्हटलं काही नाही.

त्याच आठवड्यात सारवणाच्या बायका शेणाच्या पाट्या घेऊन दारात आल्या. त्यांच्यातली थोरली दरसालचंच विचारत होती, “यंदा कितला हात, भो?”

मी म्हटलं, “एकच. यंदा यंत्र शे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. यंत्राचा आणि शेणाचा संबंध तिला कळला नाही, मलाही सांगता आला नसता. पण मी वखारीत जे म्हणेन ते खरं, अशी सात वर्षांची सवय. एक हात मारून त्या गेल्या. वरून जमीन छान दिसत होती, बोटांच्या वर्तुळांची नक्षी सुद्धा.

मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो की तो कंटाळा होता, अपमान झालेल्या माणसाचा असतो तसा. पण कंटाळ्यावर भागलं नाही. बोलपटाच्या यंत्रासाठी तेलावर चालणारं इंजिन आणलं होतं. त्याची वीज उरत होती म्हणून शेठनं दोन मोठे उभे पंखे मागवले, मामलेदार आणि फौजदार पुढे बसणार होते त्यांच्यासाठी. असे पंखे गावानं पाहिले नव्हते. ऑपरेटर माझ्याकडे आला. म्हणाला, “मास्तर, जागा तमारी पायाखालची आहे. पंखे कुठे ठेवू? वर ठेवू के खाली?”

मी जमिनीकडे पाहिलं. मग छडीनं, जी अजून सवयीनं हातात होती, पडद्याच्या दोन बाजू दाखवल्या आणि म्हटलं, खाली. तोंड जरा जमिनीकडे करा, वारा गार लागतो.

त्यानं आभार मानले आणि हात पुसले.

माझ्या मनात एवढंच होतं: लोक थोडे खोकतील, यंत्राचा एक शब्द धड ऐकू जाणार नाही, गलका होईल, आणि शेठ म्हणतील, जाऊ दे ते यंत्र, तू बोल. एक खेळ फक्त. दुसऱ्या दिवशी मी उरलेले दोन हात देऊन घेणार होतो. बायकांना सांगूनही ठेवलं होतं की शेण टाकू नका, लागेल.

आखाजीच्या संध्याकाळी वखार अशी भरली की दारं लावताना बाहेरच्यांनी ढकलावं लागलं. माहेरवाशिणी नवी लुगडी नेसून, तेल लावून. पुढे खुर्च्यांवर मामलेदार, फौजदार, दोन वकील. शेठची आई पाटावर. मी दाराशी फाटक्या तिकिटांच्या ढिगात. इंजिन धडधडलं, पंखे सुरू झाले, पुढच्या रांगेतून ‘वा’ असा आवाज आला. पडद्यावर एक राजा आला. वखारीत मुंगी चालली असती तर ऐकू आलं असतं. राजानं हात वर केला, तोंड उघडलं, आणि मामलेदार शिंकले.

राजा थांबला असं मला वाटलं, इतकी ती शिंक वेळेवर आली. राजानं पुन्हा काही म्हटलं. फौजदार शिंकले. मग वकील, एकापाठोपाठ एक, कोर्टात उभे राहतात तसे. मग पुढे जमिनीवर बसलेले सगळे एकदम. पंख्यांनी एका हाताचं सारवण पापुद्र्यासारखं सोलून काढलं होतं आणि खालची सात-आठ वर्षांची मिरची, जी कोणी कधी उठवली नव्हती, ती आता दोन बाजूंनी शिस्तीत वर येत होती. खोकला असता तर बरं होतं. खोकला माणूस दाबतो. शिंक दाबता येत नाही.

पडद्यावर राजा बोले आणि खाली शिंका पडत. तो जितका जोरात बोले तितक्या जास्त पडत. का ते उघड आहे, तो ओरडला की इंजिनवाला घाबरून वेग वाढवी आणि पंखे जोरात फिरत. पण बसलेल्यांना राजा दिसत होता, इंजिन दिसत नव्हतं. शेठच्या आईनं नाक पदरात धरून निकाल दिला. “त्याना आवाज नाकमा जास, माय.”

ते वाक्य माझ्या डोळ्यांदेखत रांगारांगांतून मागे गेलं. लोक आता राजाचं तोंड उघडायला लागलं की आधीच नाक धरत आणि तरी शिंकत. खरंच होतं त्यांचं. याच पत्र्याखाली, याच मिरचीवर ती माणसं सात वर्षं बसली होती. कधी असं झालं नव्हतं. नवीन काय होतं? आवाज.

आणि मग मला हवं होतं ते झालं. शेठ गर्दीतून वाट काढत दाराशी आले. डोळे लाल, पगडी एका कानावर. माझा दंड धरला आणि म्हणाले, “तू बोल रे बाबा. यंत्र बंद करतो. तूच बोल.”

मी पडद्याशी गेलो. यंत्राचा आवाज बंद झाला, राजा मुका झाला. चारशे माणसं नाकं धरून माझ्याकडे पाहत होती, मी आलेला पाहून कोणीतरी म्हणालं, “उना आपला भो.” मी छडी वर केली, छाती भरून श्वास घेतला. माझ्या दोन्ही बाजूंना पंखे होते.

पुढे काय झालं ते मला नीट दिसलं नाही. मी शिंकत होतो. पहिला शब्द सुद्धा बाहेर आला नाही. लिलावात उभं आयुष्य काढलेला माणूस, मिरचीनं माझं कधी काही केलं नव्हतं. मी शिंकलो तसा धीर सुटला आणि वखार दारांकडे पळाली. चेंगराचेंगरी झाली नाही, देवाची कृपा. सगळे शिंकायला थांबत थांबत पळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ, ऑपरेटर आणि मी रिकाम्या वखारीत उभे होतो. पंखे बंद, धूळ खाली बसलेली. जमीन हजार पावलांनी तुडवलेली, त्यामुळे सारवण किती हातांचं होतं हे ब्रह्मदेवाला कळलं नसतं. शेठनं मला विचारलं, सारवण झालं होतं ना? मी म्हटलं, झालं होतं. ते खोटं नव्हतं.

ऑपरेटर वर बघत होता. रात्रभर झोपला नसावा. तो म्हणाला, चूक माझी. बोलक्या यंत्राच्या आवाजानं पत्रे थरथरतात. पत्र्यांवर, आढ्यावर वर्षानुवर्षांची मिरची बसलेली, ती खाली झडली. पत्र्याखाली कापडाचं छत लावायला पाहिजे होतं, माझ्या लक्षात आलं नाही. एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. तेव्हा मी तोंड उघडायचं. मी ते वाक्य तयार केलं होतं, तीन शब्दांचं, ‘हात एकच दिला’. ते ओठांपर्यंत आलं आणि थांबलं. एका दिवसाचं शेण. तेवढ्यावर थिएटर वाचलं असतं, त्याची नोकरी वाचली असती, त्याचं बिऱ्हाड झालं असतं.

आता छताचं कापड, आता आणखी काही, शेठ वैतागले. त्यातून आखाजी संपून माहेरवाशिणी आपापल्या सासरी गेल्या होत्या आणि बातमी दहा दिशांना पोचली होती. शहाद्याकडे असं पसरलं की बोलपट पाहिला की नाकाचं हाड वाढतं. गरोदर बायकांना थिएटरच्या रस्त्यानं नेऊ नये. दुसऱ्या खेळाला माणसं आली ती दाराशी उभं राहून शिंका ऐकायला. यंत्र परत गेलं.

मला वाटलं, चला, आता पुन्हा मुकी चित्रं. शेठनं आणलीही. मी तिन्ही हात देऊन घेतले, स्वतः गुडघ्यावर बसून देऊन घेतले. छडी घेऊन उभा राहिलो. तर समोर मोजकी माणसं, ती सुद्धा जांभया देत. नाकात का जाईना, पण चित्र बोलू शकतं हे आता त्यांना ठाऊक झालं होतं. एकजण म्हणाला, “मुकं शे? मंग काय पाहो?” बोलक्याची भीती आणि मुक्याचा कंटाळा, अशा दोन्ही बाजूंनी माझं थिएटर चेपलं गेलं. पावसाळ्यात शेठनं पडदा उतरवला, त्याची मिरची झाकायला ताडपत्री झाली, आणि तेव्हापासून वखारीत बारा महिने पोती आहेत.

ऑपरेटर गेला त्या दिवशी त्याची पेटी मी स्टेशनापर्यंत नेली. गाडी हलताना तो खिडकीतून म्हणाला, “मास्तर, गावात एक तमेच मला काही बोलला नाय.” मी हात हलवला. खरंच काही बोललो नव्हतो.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. मी पुन्हा मिरचीचे भाव पुकारतो. मुलीचं स्थळ पाहायला मागच्या महिन्यात नवापूरला गेलो होतो. स्थळ बरं निघालं. गाडीला वेळ होता म्हणून फिरत असताना नवं थिएटर दिसलं आणि त्याच्या जिन्यावरून हात पुसत उतरणारा माणूस मी लगेच ओळखला. केस पिकलेत, पोट आलंय. त्यानं मला मिठीच मारली. चहा मागवला. लग्न झालंय, सुरतेची बायको, तीन मुलं, नवापुरातच घर. मला तेवढ्यानं हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चहा संपल्यावर मी खाली बघत सगळं सांगून टाकलं. एक हात. पंखे. छडी. अडखळत, पण सगळं.

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, “ना मास्तर. पत्राच होता.”

मी म्हटलं, पत्रा नव्हता, मीच होतो.

तो उठला आणि मला आत घेऊन गेला. वर बोट दाखवलं. पत्र्याखाली गोणपाटाचं दुहेरी छत, शिवणी सरळ, कोपरे ताणलेले. म्हणाला, नंदुरबारच्या चुकीनंतर मी हे काढलं. आज सोनगडपासून सुरतेपर्यंत कोणी थिएटर बांधलं की मला बोलावतात. आवाजाच्या थरथराटाबद्दल मला विचारतात. मी त्यांना नंदुरबारची गोष्ट सांगतो, राजा, मामलेदार, सगळं. माणसं हसतात आणि छत लावून घेतात. आवाज खरंच चांगला लागतो त्यानं. मग त्यानं हात जोडले. “तेर वरसांची चूक आहे माझी. आता तमे ती घेऊन नका जाऊ.”

मी माझं पाप त्याच्यापुढे ठेवलं होतं आणि तो त्यावर संसार करून बसला होता. मी म्हटलं, बरं.

गाडी चुकलीच होती. त्यानं मला संध्याकाळच्या खेळाला फुकट बसवलं, चांगल्या खुर्चीवर. बोलपट मी तोवर आखाजीच्या त्या एका राजाखेरीज पाहिला नव्हता. धुळ्याला गेलो तरी थिएटरवरून वळसा घालून जाई. चित्र सुरू झालं. माणसं बोलत होती, गात होती, कोणी शिंकत नव्हतं. मी घट्ट बसून होतो. अर्ध्यावर यंत्रात काही बिघडलं आणि आवाज गेला. पडद्यावर एक बाई हुंदके देत होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं. लोकांनी शिट्ट्या घातल्या. आणि माझे पाय, मी शपथेवर सांगतो मला न विचारता, उभे राहिले. ती का रडते ते मला कळलं होतं, म्हणजे सुचलं होतं. तिचा भाऊ शहाद्याला गेला होता आणि...

“बेसी जाव ने काका,” मागून एक म्हातारी म्हणाली. “कांई देखातुं नथी.”

मी खाली बसलो. थोड्या वेळानं आवाज आला. बाईचा भाऊ वगैरे कोणी नव्हता, ती नवऱ्यासाठी रडत होती. मी शेवटपर्यंत पाहिलं. ती मेली.